देण्याघेण्याच्या साड्या

"नेसायच्या दाखवू, की देण्याघेण्याच्या?"

साडीच्या दुकानात गादीवर टेकता टेकता कानावर येणारा हा प्रश्न आपणा बायकांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात खटकण्यासारखे काही आहे असे मला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एकदाही वाटले नव्हते. लेकीच्या लग्नाची तयारी चालली होती. पर्समध्ये आहेराची यादी होती. मोजून चौसष्ट नावे. बरोबर मोठ्या वन्सं होत्या, आणि 'मी नुसती बघायला येते' म्हणत आलेली खुद्द नवरी मुलगी होती. मी सवयीने म्हटले, "आधी देण्याघेण्याच्या काढा."

विक्रेत्याने मागच्या फळीवरून गठ्ठा ओढला आणि भराभर खोकी उघडली. चकचकीत साड्या, एकीसारखी दुसरी. फरक काय तो रंगाचा. "ताई, दोनशे ऐंशीला एक. पन्नासच्या वर घेतल्यात तर दोनशे साठ लावतो."

लेकीने एक साडी हातावर घेतली. "आई, ही तू नेसशील?"

"मी? छे गं!"

"आत्या, तू?"

"अगं, ही नेसायची नसते, द्यायची असते," वन्सं म्हणाल्या.

"मग ज्यांना देणार त्या नेसतील?"

कुणीच काही बोलेना. शेवटी विक्रेताच हसून म्हणाला, "त्यांनी पुढे द्यायची, ताई! चालतंच असं." आम्हीही हसलो. पण त्या दिवशी साड्या काही घेतल्या गेल्या नाहीत. 'परत येतो' म्हणून आम्ही उठलो.

घरी आल्यावर मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आतापर्यंत आहेरात आलेल्या आणि 'कुणाला तरी देता येईल' म्हणून ठेवलेल्या साड्या त्यात होत्या. मोजल्या, तर सदतीस भरल्या! कुणी मुंजीत दिलेल्या, कुणी वास्तुशांतीत, कुणी साठीशांतीत. प्रत्येक खोक्यात कुणाकडून आली त्याची चिठ्ठी. ही खबरदारी आपण सगळ्याच घेतो. जिची साडी तिलाच परत गेली तर केवढी नामुष्की! एका खोक्यात मात्र दोन चिठ्ठ्या निघाल्या. वरच्या चिठ्ठीवर 'कल्याणच्या मामी' असे होते. खालच्या चिठ्ठीवर 'पुण्याच्या काकूंकडून' असे होते, आणि ते अक्षर माझे होते! म्हणजे मला आलेली साडी मी कधीतरी चिठ्ठी काढायला विसरून पुढे दिली, आणि ती देवजाणे किती घरे हिंडून, घडीसुद्धा न मोडता, पुन्हा माझ्याच माळ्यावर येऊन बसली होती.

माझ्या आईकडे चार लुगडी होती. दोन घरात नेसायची, एक बाहेर जायचे, एक सणासुदीचे. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की तिच्या धडशा भागातून तान्ह्या बाळाची दुपटी निघत, आणि दुपट्याचे शेवटी पोतेरे होई. या सदतीस साड्यांची गोधडीसुद्धा होत नाही. कापड निसरडे, टाका सरकतो, घाम टिपत नाही. बोहारणीनेही गठ्ठा चाचपून एक चहाची गाळणी पुढे केली. हा पेट्रोलियमपासून काढलेला धागा. तो कुजत नाही. टाकला तर कचराभूमीत आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत तसाच पडून राहणार. एक धागा काढून मी काडी लावून पाहिली. सुताचा धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. हा मात्र वितळला आणि त्याचा टणक काळा मणी झाला.

पण खरा प्रश्न त्यापुढचाच होता. दोनशे साठ रुपयांत साडी होते कशी?

मी अर्थशास्त्री नाही; पण महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या कुठल्याही बाईला वजाबाकी येते. सहा-सव्वासहा मीटर कापड. त्याचा धागा, विणाई, रंगाई, छपाई, काठाला लेस, वर खडे-टिकल्या, घडी, खोके, मुंबईपर्यंतचे गाडीभाडे, मग घाऊक व्यापाऱ्याचा नफा, दुकानदाराचा नफा. एवढ्या हातांत दोनशे साठ रुपये वाटायचे, तर ज्या हाताने ती विणली त्याच्या वाट्याला काय उरत असेल?

अशा बहुतेक साड्या सुरतेहून येतात. देशात कृत्रिम धाग्याचे जे कापड होते, त्याचा फार मोठा वाटा या एका शहराचा आहे. तिथल्या यंत्रमागांवर काम करणारे कामगार मुख्यतः ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून, घरदार मागे ठेवून येतात. पाळी बारा तासांची. मजुरी विणलेल्या मीटरवर; माग बंद पडला की मजुरी बंद. राहायला 'मेस', म्हणजे एका खोलीत दाटीवाटीने टाकलेली अंथरुणे. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा येऊन आडवा होतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत हेच कामगार थकलेली मजुरी आणि गावी जायची मुभा मागत सुरतेच्या रस्त्यांवर उतरले होते. साडीवर खडे चिकटवणे, लोंबते धागे कापणे ही कामे वस्त्यावस्त्यांतल्या बायका घरबसल्या करतात, मोबदला नगावर. आणि रंगाईचे सांगायचे, तर ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतेच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधले रासायनिक सांडपाणी चोरून नाल्यात सोडले जात असताना विषारी वायू पसरला, आणि शेजारच्या रंगाई-छपाईच्या गिरणीतले सहा कामगार जिवाला मुकले.

त्या मेसबद्दल वाचताना मला एकदम आमचे बाबा आठवले. बाबा मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते. कोकणातून आले तेव्हा गावकऱ्यांच्या गाळ्यात राहत. तिथेही वळकट्या पाळीप्रमाणेच पसरल्या जात. साच्यांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येई, म्हणून घरातही ते मोठ्याने बोलत आणि शेजारच्यांना वाटे, भांडण चालले आहे. दुकानात कापड हातात घेतले, की बाबा आधी ते उलटे करून पाहत. "वरची बाजू सगळेच चांगली करतात, पोरी," असे म्हणत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सहावीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. कापड विणायचे काही थांबले नाही. भिवंडीला, सुरतेला यंत्रमागांचा पसारा आधीपासून होताच. तो आणखी वाढला. गिरणीत बाबांना आठ तासांची पाळी होती, प्रॉव्हिडंट फंड होता, आजारपणात विम्याचा दवाखाना होता, तक्रार करायला युनियन होती. यंत्रमागाच्या शेडमध्ये यातले बहुधा काही नव्हते. कापड स्वस्त झाले त्याचे हेही एक मोठे कारण. एकाच्या कमाईतून जे वजा झाले, तेच माझ्या आहेराच्या यादीत बचत म्हणून जमा होत होते. गिरणी कामगाराची मुलगी असून मला इतकी वर्षे हा हिशेब सुचला नाही, याची शरम वाटली.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. सुरतेच्या साडीला नावे ठेवायचा माझा हेतू नाही. धुवायला सोपी, झटकन वाळणारी, इस्त्री न लागणारी, वर्षानुवर्षे टिकणारी ही साडी शेतात राबणाऱ्या आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी आपलीशी केली, ती सोय म्हणून आणि परवडते म्हणून. जी बाई ती रोज नेसते, तिच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार माळ्यावर सदतीस साड्या कोंबून ठेवणाऱ्या बाईला नाही. प्रश्न आहे तो कुणीही न नेसण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या साडीचा. एका माणसाने बारा तास उभे राहून विणायचे, दुसऱ्याने रंगात हात बुडवायचे, तिसरीने डोळे ताणून खडे चिकटवायचे, आणि हे सगळे कशासाठी, तर माळ्यावरून माळ्यावर जाण्यासाठी!

घरात अर्थातच वाद झाला. वन्संनी पहिलाच मुद्दा बिनतोड काढला. "तुम्ही घेतल्या नाहीत, तर त्या बिचाऱ्यांच्या पोटावर पाय नाही का येणार?" यावर माझ्याकडे सोपे उत्तर नव्हते. काम जाणे म्हणजे न्याय नव्हे, हे गिरणगावात वाढलेल्यांना सांगावे लागत नाही. पण इतके वर्ष आपण डझनावारी घेत आलो, त्याने त्यांची पाळी बारा तासांवरून आठवर आली नाही. उलट 'पन्नास घेते, भाव कमी करा' असे जेव्हा मी म्हणते, तेव्हा तो कमी झालेला भाव दुकानदार आपल्या खिशातून देत नाही. तो खाली खाली ढकलला जातो, आणि सगळ्यात खाली माग चालवणारा उभा असतो.

मग मी लेकीकडे वळले. "आणि तुझं काय? तुझ्या कपाटातले ते सेलमधले टॉप?" ती वरमली. तिच्या पिढीची आहेराची यादी मोबाइलमध्ये असते. रात्री अकरा वाजता बोट फिरवले, की तिसऱ्या दिवशी दारात पार्सल. चार धुण्यांत शिवण उसवते, मग नवा. शिलाई यंत्र घरात असूनही उसवलेली शिवण घालायची कल्पना कुणाला सुचत नाही, कारण शिंप्याच्या मजुरीत नवा कपडा येतो! हे गणित कुठे जाते, ते २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात दिसले. ढाक्याजवळ सावर येथे 'राणा प्लाझा' ही आठमजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी तिला तडे गेलेले दिसले होते. खालची बँक आणि दुकाने त्या दिवशी बंद राहिली; वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. १,१३४ माणसे मेली. पाश्चात्त्य देशांतल्या दुकानांत लागणारे तयार कपडे ती शिवत होती.

त्या घटनेचा पुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. तिथले ग्राहक विचारू लागले, 'माझा कपडा कुणी शिवला?' लोकांच्या आणि कामगार संघटनांच्या रेट्याने त्याच वर्षी अनेक मोठ्या कंपन्यांना इमारती आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार करावा लागला, आणि हजारावर कारखान्यांची तपासणी झाली. तिथल्या मजुरीचा प्रश्न सुटला असे मुळीच नाही. पण 'आपण एकट्याने विचारून काय होणार' हे वाक्य त्यानंतर इतक्या सहज म्हणता येऊ नये.

"मग सगळ्यांना हातमागाच्या द्या," असा सल्ला मैत्रिणींनी दिला. तोही वाटतो तितका सरळ नाही. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही एका दुकानातून 'हातमागाची' म्हणून पैठणी घेतली होती. पुढे एका जाणकार बाईंनी पदर उलटा केला आणि नुसत्या हसल्या. हातमागावरच्या पैठणीच्या पदरावरचे मोर पुढून जसे, तसेच मागूनही स्वच्छ दिसतात; आमच्या मोरांच्या मागे सुट्या धाग्यांचे जाळे होते. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारची वस्त्रे हातमागासाठी राखून ठेवली आहेत. तरी हातमागाच्या नावावर यंत्राचे कापड सर्रास खपते. बाबांचा धडा मी विसरले होते. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाहते: कापडाची उलटी बाजू, काठाच्या कडेला सुईने टोचल्यासारखी बारीक भोके, कारण हातमागावर कापड ताणून धरताना ती पडतात, आणि २००६ पासून सरकारने सुरू केलेले हातमागाचे चिन्ह. आणि दुकानदाराला विचारते, "ही कुठल्या गावची?" ज्याला माहीत असते तो आनंदाने सांगतो. ज्याला माहीत नसते तो भाव कमी करतो!

पण साडी अस्सल असली म्हणजे विणकराला न्याय मिळालाच, असेही नाही. १९९५ च्या गणनेत देशात हातमागावर ६५ लाखांच्या वर माणसे काम करत होती. २०१९-२० च्या गणनेत ती ३५ लाखांवर आली. त्यांत बहुसंख्य बायका. आणि याच ताज्या गणनेनुसार दर तीन विणकर कुटुंबांतल्या दोघांचे महिन्याचे उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी आहे. हातमागाच्या प्रदर्शनात जाऊन 'किती लावताय शेवटचे?' म्हणून घासाघीस करायची आणि घरी येऊन भारतीय कलेचे गोडवे गायचे, हा आपला जुना खेळ आहे. मीही तो खेळले आहे.

शेवटी आम्ही काय केले ते सांगते. थोर काही नाही. मी आणि हे असे दोघे चौसष्ट नावांची यादी घेऊन बसलो, आणि एकच कसोटी लावली: जिला कोणता रंग आवडतो हे आपल्याला ठाऊक आहे, तिलाच साडी. एकोणीस नावे उरली. बाकीच्या पंचेचाळीस जणींशी आपले नाते एवढे पातळ आहे, की साडी ही भेट नसून पावती होती, हे त्या रात्री कळले. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापायची रीत आता रुळली आहे. द्यायचे मात्र आपण थांबवत नाही, हाही एक गमतीचा भाग.

एकोणीस साड्या हातमागाच्या प्रदर्शनातून घेतल्या. सुती, साध्या, रोज नेसता येतील अशा. सरासरी अकराशे रुपये पडली. घासाघीस करायची नाही असे ठरवून गेले होते. तरी सवयीने एकदा तोंडातून निघालेच, आणि लेकीने कोपर मारले. चौसष्ट साड्यांना सोळा हजार सहाशे लागणार होते. या एकोणीस साड्यांना एकवीस हजारांच्या आत-बाहेर लागले. वरचे चार-सव्वाचार हजार मंडपाच्या फुलांतून कमी केले. कुणाच्या लक्षातही आले नाही.

लक्षात आली ती न दिलेली साडी. एक चुलत जाऊबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. याचे मला वाईट वाटते, आणि त्यांचे सगळे चुकले असेही वाटत नाही. आपल्याकडे बाईचा मान साडीने मोजला जातो, ही गोष्ट त्यांनी केलेली नाही. रीत मोडणाऱ्याने थोडा राग सोसावा, एवढेच.

माळ्यावरच्या साड्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी म्हटले, "यातल्या तुम्हाला आवडतील त्या घ्या." त्यांनी ट्रंकेत डोकावून विचारले, "वहिनी, ह्या नेसायच्या, का देण्याघेण्याच्या?" मी खरे ते सांगितले. मग त्यांनी शांतपणे दोन निवडल्या आणि म्हणाल्या, "बाकीच्या राहू द्या. माझ्याकडे पण पेटीभर पडल्यात." म्हणजे ही चाल आपल्याच थरातली आहे, हा माझा समजही गेला. पस्तीस साड्या अजून ट्रंकेत आहेत. त्यांच्या भरीला नवी टाकायची नाही, एवढे मी ठरवले आहे.

पुढची लग्नसराई फार दूर नाही. सगळे सोडा असे मी म्हणणार नाही. यादी करताना प्रत्येक नावापुढे फक्त एक रंग लिहून पाहा. जिथे लिहिता येणार नाही, तिथे साडीऐवजी दोन घटका गप्पा मारायला जा. आणि जिथे लिहाल, तिथली साडी उलटी करून घ्या.

वन्संना मी हिरव्या रंगाची, लाल काठाची साडी दिली. हिरवा त्यांचा आवडता. हातात घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, "सुती? लग्नात?" मी काही बोलले नाही. परवा संकष्टीला त्यांच्याकडे गेले, तर गॅलरीतल्या दोरीवर तीच साडी वाळत होती. धुतली होती, म्हणजे नेसली असणार.